ड्रॅग स्ट्रिपवरील पहिली फेरी : टायरांची निवड व सिद्धता

झिजून नक्षी गेलेल्या टायरचा 'गोटा झाला' असे मराठी बोलण्यात म्हणतात, आणि असा टायर टाकाऊ समजला जातो. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीत मात्र मुळातच नक्षी नसलेला टायर श्रेष्ठ मानतात. त्याचे नाव 'स्लिक'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गुळगुळीत, निसरडा असा आहे. वस्तू मात्र जमिनीला सर्वांत घट्ट धरणारी. हा विसंवाद केवळ शब्दजिज्ञासूंच्या कुतूहलाचा विषय नव्हे. गोटा झालेला टायर स्लिकचे काम देईल, या समजुतीने नवखा चालक फसण्याचा संभव असतो. स्लिकचे रबर मऊ व कडा लवचीक असतात. जुन्या टायरचे रबर उन्हाने व उष्णतेने कठीण झालेले असते. साम्य आहे ते दिसण्यापुरतेच.

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे सरळ धावपट्टी. तीवर दोन गाड्या उभ्या स्थितीतून सुटतात व बहुधा पाव मैल, म्हणजे १३२० फूट, धावतात. रस्त्यांवरील बेबंद शर्यतींना शिस्तीचे स्थान मिळावे, या हेतूने १९५१ साली वॉली पार्क्स यांनी कॅलिफोर्नियात 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. आजही अनेक स्ट्रिपवर सामान्य मालकास शुल्क भरून स्वतःची रोजची गाडी पळविता येते.

अशा पहिल्या भेटीसाठी नवे टायर घेऊ नयेत, हेच खरे. स्लिकची पकड वाढली की तिचा ताण आस व दंतचक्रपेटी यांवर पडतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर ते चालत नाहीत. 'ड्रॅग रेडियल' हा मधला प्रकार रस्त्यावर चालतो खरा. परंतु त्याच्या खाचा उथळ असल्याने पावसात तो भरवशाचा नाही, आणि घरी तर त्याच टायरांवर परतावयाचे असते. चांगल्या नक्षीचे, न चिरलेले, रोजचेच टायर पुरेत. तपासणीपूर्वी हबकॅप काढून चाकांचे सर्व नट नीट आवळावे.

खरी कसोटी हवेच्या दाबाची. घर्षण हे स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, हा शाळेत शिकविला जाणारा नियम रबर काटेकोरपणे पाळीत नाही. म्हणून इंजिन ज्या चाकांना फिरविते, त्यांतील हवा थोडी कमी केली असता टायर जमिनीला अधिक लांब बिलगतो. रोजच्या टायरमध्ये नेहमीच्या दाबातून दर चौरस इंचास दोन-तीन पौंड कमी करून आरंभ करावा. अति कमी केल्यास टायरचा मधला भाग आत दबतो, भार कडांवर जातो, आणि शेवटी वेग वाढल्यावर गाडी डुलू लागते. उरलेल्या दोन चाकांत हवा नेहमीइतकीच ठेवावी. धावेनंतर मिळणाऱ्या चिठ्ठीत पहिल्या ६० फुटांचा वेळ असतो. टायरच्या पकडीविषयी बोलणारा आकडा हाच. दर फेरीस एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही.

आरंभरेषेमागे पाणी टाकलेली जागा असते. स्लिक तेथे भिजवून जागच्या जागी फिरवितात व तापवितात. यालाच 'बर्नआउट' म्हणतात. नक्षीच्या टायरांनी मात्र त्या पाण्याला वळसाच घालावा. खाचांत साठलेले पाणी आरंभरेषेवर गळते आणि स्वतःची चाके तर घसरतातच, मागून येणाऱ्याचीही घसरतात. नवख्यांची ही चूक स्ट्रिपवरील जाणत्यांना फार खटकते, व ते योग्यच आहे. कोरड्या जागी चाक क्षणभर फिरवून खडे-धूळ झटकली की पुरे.

दाबमापक व पंप जवळ असावा. तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो. त्यामुळे दोन फेऱ्यांची तुलना करताना टायर सारखेच निवलेले असावेत. निघण्यापूर्वी, टायर थंड झाल्यावर, कमी केलेली हवा पुन्हा भरून घ्यावी.