मागचं झाकण आधी उघडा

सेकंडहँड मोटरहोमच्या बाजारात शिरलं की पहिला गोंधळ होतो तो नावांचा. इंडियाना राज्यातल्या नॅपनी गावची न्यूमार कंपनी घ्या. १९६८ पासून ती हा धंदा करते. २०१९ मध्ये विनेबागोने तिला विकत घेतलं. तिच्या डिझेल गाड्यांच्या पायऱ्या खालून वर साधारण अशा: व्हेंटाना, डच स्टार, माउंटन एअर, लंडन एअर, एसेक्स, किंग एअर. अधल्यामधल्या पोटजाती सोडून देऊ. नवी किंग एअर दहा लाख डॉलरच्या पुढे जाते. दहाएक वर्षं जुन्या झाल्या की या सगळ्या एकाच आवारात, एकाच रांगेत, सारख्याच चकचकीत होऊन उभ्या असतात. मग विक्रेता हसून म्हणतो, "वरच्या पायरीची गाडी, खालच्या पायरीच्या भावात!" हे ऐकलं की मी पर्सवर हात ठेवते.

पुण्यात कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये मी इंजिनांच्या चाचणीवर नोकरीला लागले. पुढे कंपनीच्या मूळ गावी, इंडियानातल्या कोलंबसला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. या मोठ्या मोटरहोममध्ये बहुतेक वेळा कमिन्सचंच इंजिन असतं. त्यामुळे आमच्या महाराष्ट्र मंडळातलं कोणी निवृत्त होऊन देश बघायला निघालं की मला फोन येतो, "ताई, एक गाडी बघायला याल का?" मी विजेरी, हातमोजे आणि गुडघ्यांखाली घालायला जुनं पोतं घेऊन जाते. सोफ्यावर बसून बघायचं काम घरचे लोक करतातच.

मी ज्या गाड्यांबद्दल बोलते आहे त्यांना इथे डिझेल पुशर म्हणतात. इंजिन मागे, पलंगाखाली. पुढे बसणाऱ्याला त्याचा आवाज जवळजवळ येत नाही. हवेच्या फुग्यांवर तोललेली चासी, हवेचे ब्रेक, चाळीस-पंचेचाळीस फूट लांबी. गाडी उभी केली की भिंती बाहेर सरकतात आणि आत दिवाणखाना तयार होतो. बांधणारे घर बांधतात. खालची चासी बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. न्यूमारच्या गाड्या मिशिगनच्या स्पार्टनच्या किंवा फ्रेटलायनरच्या चासीवर उभ्या राहतात, गिअरबॉक्स इंडियानापोलिसच्या अ‍ॅलिसनचा. म्हणून एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना नेमकं काय बदललं, हे विचारायचं असतं. लोखंड बदललं की पडदे बदलले?

गेल्या उन्हाळ्यात मंडळातलं एक जोडपं मला असंच घेऊन गेलं. दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या: २०१५ ची डच स्टार आणि २०१५ चीच माउंटन एअर. दोन्ही त्रेचाळीस फुटी, दोन्हींना मागे जादा आस. भावात चाळीस हजार डॉलरचा फरक. वहिनी माउंटन एअरमध्ये शिरल्या त्या बाहेरच येईनात. गुळगुळीत फरशी, जाड लाकडाची कपाटं, छताला कोरीव पट्ट्या. मी दोन्हींची मागची झाकणं उघडली. आत तेच इंजिन: ८.९ लिटरचं आयएसएल, ४५० अश्वशक्ती. तोच सहा गिअरचा अ‍ॅलिसन. रेडिएटर दोन्हींत बाजूला. दोन्हींत डिझेलवर चालणारा अ‍ॅक्वा-हॉटचा बॉयलर, जो पाणीही तापवतो आणि गाडीही. म्हणजे चाळीस हजार होते ते फरशीचे, लाकडाचे आणि रंगाचे.

आता याच रांगेतली व्हेंटाना बघितली तर गोष्ट वेगळी. कमी लांबीच्या व्हेंटानात ६.७ लिटरचं छोटं इंजिन मिळतं आणि मागे जादा आस नसते. इथे फरक लोखंडाचा आहे, आणि तो चढापेक्षा उतारावर कळतो. चढ कुठलंही इंजिन कण्हत-कुथत चढतं. कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडल्यावर सात टक्क्यांचा उतार मैलोन् मैल चालतो. खंडाळ्याचा घाट उतरताना ट्रकवाले गिअरमध्ये गाडी का ठेवतात ते ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. मोठ्या इंजिनात कॉम्प्रेशन ब्रेक असतो: इंजिन स्वतःच हवा दाबून गाडी मागे खेचतं, चाकांचे ब्रेक थंड राहतात. छोट्या इंजिनात नुसता एक्झॉस्ट ब्रेक, त्याची पकड कमी. डोंगरात जायचं असेल आणि मागे मोटारही ओढायची असेल, तर व्हेंटानावरून डच स्टारवर चढायला पैसे द्यावेत. डच स्टारवरून माउंटन एअरवर चढायला देताना मात्र दोनदा विचार करावा.

रेडिएटरबद्दल जरा थांबून सांगते, कारण हे कोणी दाखवत नाही. खालच्या पायरीच्या, विशेषतः जुन्या पुशरमध्ये रेडिएटर अगदी मागे, इंजिनाच्या पाठीशी असतो. क्रँककेसची वाफ बाहेर सोडणारी नळी खाली उघडते. त्या वाफेत तेलाचा अंश असतो. पंखा तो उचलतो आणि थंड करणाऱ्या जाळीवर मारतो. त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि जाळीवर आतून काळा नमदा तयार होतो. मागून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. घाण असते ती इंजिनाच्या बाजूला, म्हणून पोत्यावर आडवं व्हायचं, खालून विजेरी मारायची आणि पत्र्यांच्या फटीतून उजेड आरपार जातो का ते बघायचं. नाही गेला, तर ती गाडी पहिल्याच लांब चढावर तापणार. वरच्या पायरीत रेडिएटर बाजूला असतो, त्याला ही घाण कमी लागते आणि इंजिनापर्यंत हातही सहज पोचतो. त्याचा पंखा मात्र सहसा हायड्रॉलिक असतो, आणि तो बिघडला की बिल मोठं.

खरी मेख या बिलाचीच आहे. जुनी गाडी घेताना किंमत उतरते, खर्च उतरत नाही. अर्ध्याहून कमी भावात मिळालेल्या लंडन एअरचे सुटे भाग लंडन एअरच्याच भावाने येतात. जादा आस म्हणजे सहाऐवजी आठ टायर. तीन एसी, मोठा जनरेटर, भिंतभर सरकणारे कप्पे, दिवे चालवणारे टच स्क्रीन. यातलं इलेक्ट्रॉनिक सामान सगळ्यात आधी म्हातारं होतं, कारण ते बनवणाराच काही वर्षांनी ते बनवणं सोडून देतो. वजनाचंही तसंच. फरशी, दगडी ओटा, मोठा फ्रिज यांचं वजन त्याच चासीवर पडतं. सामान किती भरता येईल ते आतल्या पट्टीवर छापलेलं असतं, आणि कित्येकदा वरच्या पायरीच्या गाडीत तो आकडा खालच्या पायरीपेक्षा कमी निघतो. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर कॅट स्केलचा काटा असतो, तिथे गाडी चढवून वजन बघावं. विक्रेत्याचा शब्द वजनात मोजत नाहीत.

नावांच्या पायऱ्या फसव्या कशा असतात त्याचा नमुना म्हणजे ओरेगॉनमधली मोनॅको. हॉलिडे रॅम्बलर हा जुना ब्रँड काही वर्षं हार्ले-डेव्हिडसनकडे होता (हो, तीच मोटरसायकलवाली). १९९६ मध्ये तो मोनॅकोने घेतला. त्यानंतर मोनॅकोची डिप्लोमॅट आणि हॉलिडे रॅम्बलरची एंडेव्हर या जुळ्या बहिणी झाल्या. कॅमेलॉट आणि सेप्टर यांचंही तेच. नाव आणि नटवणं वेगळं, खाली तीच रोडमास्टर चासी. २००९ मध्ये मोनॅकोचं दिवाळं वाजलं. त्या काळातल्या गाड्या आजही भरपूर विकायला येतात आणि चांगल्या आहेत. पण बांधणारा उठून गेला की नेहमीच्या पायरीची, खूप खपलेली गाडी बरी: तिचे भाग भंगारात सापडतात, तिचे मालक एकमेकांना शहाणं करतात. सगळ्यात वरची सिग्नेचर घेतली तर दारावरचा काचेचा तुकडासुद्धा घडवून घ्यावा लागतो.

वर्ष बघताना गाडीचं वर्ष बघू नये, इंजिनाचं बघावं. अमेरिकेत २००७ च्या नियमांनी डिझेल इंजिनाला धुराची काजळी अडवणारी गाळणी आली, २०१० च्या नियमांनी युरियाचं द्रावण आलं. गाडी बांधणारे आधीची इंजिनं घेऊन ठेवतात, त्यामुळे २००८ म्हणून विकलेल्या गाडीत जुन्या नियमाचं इंजिनही निघतं. इंजिनावरच्या पट्टीवर अनुक्रमांक आणि सीपीएल नावाचा आकडा असतो. त्यावरून कमिन्सचा माणूस त्याची जन्मपत्रिका सांगतो. टायरवर चार आकडे असतात: ३२१६ म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा. या गाड्यांचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या वाळून मरतात, त्यामुळे नक्षी खोल दिसली म्हणून खूश होऊ नये. जनरेटरचे तास फार कमी भरले असतील तर तेही लक्षण चांगलं नाही. तो दर महिन्याला भाराखाली चालवायचा असतो.

आमच्या जोडप्याने शेवटी डच स्टारच्या तेलाचा नमुना फोर्ट वेनच्या ब्लॅकस्टोन प्रयोगशाळेत पाठवला. तिथे तेलातले धातूंचे कण मोजून इंजिनात काय झिजतं आहे ते सांगतात. अहवाल बरा आला. टायर म्हातारे होते, तो खर्च भावातून कापून घेतला. दादा डच स्टारवर राजी होतेच. वहिनींचा जीव माउंटन एअरच्या लाकडात अडकला होता. मी त्यांना दोन्ही गाड्यांच्या ओट्यापाशी नेलं. माउंटन एअर सगळी विजेवरची, ओट्यात इंडक्शनच्या काचा. डच स्टारमध्ये प्रोपेनची शेगडी. वहिनींनी बटण फिरवलं, निळी ज्योत बघितली आणि विचारलं, "म्हणजे फुलका यावर फुगेल?"

"फुगेल," मी म्हटलं. "पण धुराचा अलार्म डोक्यावरच आहे. छतातला पंखा आधी लावा."

"ते मी बघते," वहिनी म्हणाल्या आणि दादांना कागद आणायला पाठवलं.