पीकरक्षणाची बंदूक : अपघात कोणता, हयगय कोणती?

भात पोटरीत आले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि कोकणातील शेतकऱ्यास रात्री राखणीस बसावे लागते. अशा वेळी पुष्कळ घरांतून ठासणीची बंदूक बाहेर निघते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. परंतु परवान्याबरोबर सावधपणा येत नाही. तो ज्याचा त्याने अंगी बाणवावयाचा असतो.

नको त्या वेळी बार उडाला म्हणजे 'बंदूक आपोआप उडाली' असे म्हणण्याची रीत आहे. कायदा मात्र एवढ्यावर थांबत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८० मध्ये असलेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ मध्ये आलेले तत्त्व असे की, कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने व योग्य ती खबरदारी घेऊन करीत असता जे अकल्पित घडते, तोच अपघात होय. त्यासाठी दिलेले उदाहरणही शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. कुऱ्हाडीने काम चालले असता तिचे पाते निसटते आणि जवळचा मनुष्य दगावतो. काम करणाऱ्याने खबरदारीत कसूर केली नसेल, तर तो क्षम्य ठरतो. परंतु दांडा सैल आहे हे ठाऊक असूनही कुऱ्हाड चालविली, तर ती हयगय होय. हयगयीने मृत्यू घडविल्यास कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो.

हेच बंदुकीस लावून पाहावे. नीट राखलेल्या बंदुकीची कमान अचानक तुटून घोडा पडला, तर तो अपघात म्हणता येईल. परंतु अर्ध्या घोड्याची खाच झिजली आहे हे माहीत असता तीच बंदूक वापरणे, चापावर बोट ठेवून बांध ओलांडणे, भरलेली बंदूक भिंतीस टांगणे किंवा नुसती सळसळ ऐकून अंधारात बार टाकणे, ही सर्व हयगयच होय. सळसळ डुकराचीच असते असे नाही. ती शेजारच्या राखणदाराचीही असू शकते.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. बंदूक रिकामी आहे असे वाटले तरी नळीचे तोंड माणसाकडे कधीही करू नये. हा एक नियम पाळल्यास खरा अपघात घडला तरी प्राणहानी टळते.

२. लक्ष्य डोळ्यांनी ओळखून त्याच्या मागे काय आहे हे पाहिल्यावाचून चापाला बोट लावू नये.

३. बार भरताना केप बसविलेली नसावी आणि तोंड नळीवर आणू नये. केप सर्वांत शेवटी, जागेवर बसल्यावर लावावी.

४. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करून ठेवावी. पुढे केप काढून गज घातल्यावर ती खूण बाहेर राहिली, तर नळीत बार आहे असे समजावे. तो जाणत्या माणसाकडून काढून घेतल्याशिवाय बंदूक घरात आणू नये.

५. घोडा पडूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेस रोखून निदान एक मिनिट थांबावे. तो उशिराने उडू शकतो.

६. राखणीस दोघे असल्यास प्रत्येकाची जागा आधी ठरवावी. हाक दिल्यावाचून व तिला उत्तर मिळाल्यावाचून कोणीही जागा सोडू नये.

७. बंदूक व दारू निरनिराळ्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने कुलपात ठेवावीत. बिघाड आढळल्यास परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी.

वन्य प्राण्यावर बार टाकण्यापूर्वी वन खात्याची परवानगी लागते, हेही ध्यानी असावे. डुकरांनी तुडविलेले भात पुढील हंगामात पुन्हा लावता येते; राखणीस गेलेला माणूस मात्र पुन्हा मिळत नाही. शेतकरी बंधूंनी बंदूक हाती घेण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करावा.