वजन घटवणाऱ्या गोळीची परीक्षा

‘सेरोटोनिन वाढवणारी गोळी चरबी जाळते’ हा समज व्यापक आहे, पण तो खरा नाही. फाइव्ह-एचटीपी हे पूरक सेरोटोनिनचा (भूक, झोप व मनःस्थितीशी निगडित रासायनिक संदेशवाहक) कच्चा माल आहे. सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, फाइव्ह-एचटीपी शिरते. तिथे त्याचे सेरोटोनिन होते आणि पोट लवकर भरल्याची जाणीव होते. म्हणजे परिणाम भुकेवर होतो, चरबीवर थेट नाही. रोममधील संशोधकांनी 1992 साली 20 लठ्ठ रुग्णांवर चाचणी केली. काहींना रोज 900 मिलिग्रॅम फाइव्ह-एचटीपी, तर काहींना प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) दिली. पहिले सहा आठवडे आहाराचे बंधन नव्हते, पुढचे सहा होते. औषध घेणाऱ्यांचे वजन अधिक घटले आणि कर्बोदकांचे सेवनही कमी झाले.

वजन घटलेच, तर प्लासिबो कशाला, असे कोणी विचारेल. तेल मोजताना दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, तसेच हे आहे. नुसत्या अपेक्षेने व देखरेखीने घटलेले वजन वजा केल्यावरच गोळीचा खरा वाटा कळतो. चाचणीचा निष्कर्ष आशादायक असला, तरी वीस माणसे आणि बारा आठवडे यांवरून दीर्घकालीन परिणाम वा सुरक्षितता ठरत नाही. या पूरकाने मळमळ होऊ शकते, आणि नैराश्यावरील काही औषधांबरोबर घेतल्यास शरीरात सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.