आचार्य अत्रे : हसवणारा नाटककार, घडवणारा शिक्षक



'माझे आवडते लेखक' हा निबंध लिहायला दिला की बरीच मुलं आचार्य अत्रे यांचं नाव घेतात. पण निबंधात काय असतं? जन्म, मृत्यू, पुस्तकांची यादी आणि शेवटी 'ते खूप विनोदी होते' हे वाक्य. ते विनोदी का होते आणि त्या विनोदाने त्यांनी काय साधलं, हे मात्र राहूनच जातं. आज तेवढंच समजून घेऊ.

आधी शिक्षक, मग नाटककार

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. पदवी घेतल्यावर ते शिक्षक झाले आणि पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनलाही गेले होते. पुढे मुलांसाठी त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळलं पाहिजे, अशी साधी, ठसठशीत भाषा त्यांच्या नाटकांत दिसते ती उगीच नाही.

१९२५ साली 'झेंडूची फुले' हा त्यांचा विडंबन कवितांचा संग्रह आला. विडंबन म्हणजे नुसती टिंगल नव्हे हं! मूळ कवितेचं वृत्त, शब्द, लकबी नीट माहीत असल्याशिवाय विडंबन जमतच नाही. म्हणजे इथेही पाया अभ्यासाचाच होता.

रंगभूमीवर

१९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने त्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आणले. सूर्यनमस्कार घातले की सगळं ठीक होतं, असं मानणारे रावबहादूर त्यात आहेत. कवितेने पछाडलेला कवीही आहे. व्यायाम किंवा कविता वाईट, असं अत्रे म्हणत नाहीत. चांगल्या गोष्टीचंही वेड झालं की माणूस कसा हास्यास्पद होतो, ते दाखवतात.

लगेच पुढच्या वर्षी त्यांनी 'घराबाहेर' हे गंभीर नाटक लिहिलं. घर सोडावं लागणाऱ्या सुनेचं दुःख त्यात आहे. १९३६ मध्ये 'लग्नाची बेडी' हे हसवणारं आणि 'उद्याचा संसार' हे अस्वस्थ करणारं, अशी दोन नाटकं आली. बघा, विषय एकच, लग्नसंसार. एकदा हसत मांडला, एकदा गंभीरपणे.

लंडनच्या रंगभूमीवर गाजलेल्या ब्रँडन थॉमस यांच्या 'चार्लीज आंट' या प्रहसनावरून त्यांनी 'मोरूची मावशी' लिहिलं. ते वाचताना वाटतं, हा मोरू आपल्याच गल्लीतला.

चित्रपटांत

कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी 'ब्रह्मचारी' (१९३८) लिहिला. मास्टर विनायक यांचा औदुंबर भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो, भिंतीवरची नट्यांची चित्रं काढून टाकतो आणि नंतर प्रेमात पडतोच! पुढच्या वर्षी आलेल्या 'ब्रँडीची बाटली'त दामुअण्णा मालवणकरांचा साधाभोळा बगाराम त्यांनी उभा केला.

आणि याच अत्र्यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून १९५३ साली 'श्यामची आई' काढला. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. ज्याला माणसाच्या खोडी दिसतात, त्याला त्याचं मनही दिसतं, हेच खरं.

१९६२ साली 'तो मी नव्हेच' आले. अनेक स्त्रियांना फसवणाऱ्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेले आहे. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे आणि फिरता रंगमंच यांमुळे ते तुफान गाजले. प्रेक्षक लखोबाच्या हजरजबाबीपणावर हसतात आणि त्याच वेळी गोड बोलणारा माणूस किती घातक असू शकतो, हेही त्यांना उमगतं.

१३ जून १९६९ रोजी अत्र्यांचे निधन झाले.

वर्गात काय करता येईल?

'हसू नका, अभ्यास करा' असं आपण सहज म्हणून जातो. पण विनोद कळायला शब्दाचे दोन अर्थ कळावे लागतात, अतिशयोक्ती ओळखावी लागते, प्रसंगातली विसंगती दिसावी लागते. हा भाषेचाच अभ्यास आहे. म्हणून एवढं करून बघा:

१. अत्र्यांच्या नाटकातला एक प्रवेश मुलांना पात्रं वाटून मोठ्याने वाचायला द्या. इथे हसू का आलं, ते त्यांनाच सांगू द्या.

२. 'मोबाईलचं वेड', 'मार्कांचं वेड' यावर दहा ओळींचा संवाद लिहून घ्या. पालकांनी घरी ऐकावा. त्यात आपणही असण्याची शक्यता आहे!

३. एक नियम आधीच सांगा: हसायचं ते वेडाला आणि ढोंगाला, कुणाच्या रंगाला, व्यंगाला किंवा गरिबीला नाही. अत्र्यांची लेखणी वर्तमानपत्रातल्या वादांत व्यक्तींवरही घणाघाती चालली. पण रावबहादूर किंवा औदुंबर आजही आवडतात, कारण त्यांच्यात आपल्याला आपणच दिसतो.

चिडवणं आणि विनोद यांतला हा फरक मुलांना शाळेतच कळला, तर वर्गातला एखादा गप्प बसणारा मुलगाही सगळ्यांबरोबर हसू शकेल.