कालवा फुटतो तेव्हा : पाण्याचा जमाखर्च



उजनीचे पाणी कालव्याला सुटले की आपल्या उसाच्या जिवात जीव येतो. पण तेच पाणी भराव फोडून बाहेर पडले तर काय होते, हे २०२३ च्या जानेवारीअखेर मोहोळ तालुक्यातील पाटकुलकरांनी पाहिले. तेथे डावा कालवा फुटला नि उभी पिके आडवी झाली. त्याआधी २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटून पाणी वस्तीत घुसले होते.

फुटल्या जागेतून किती पाणी येईल, कोठवर जाईल, याचे गणित आधीच मांडता येते. त्याचा पाया सँ-व्हनाँ या फ्रेंच पंडिताने १८७१ साली घातला. गणित अवघड, पण त्यातली मेख आपल्या कीर्दीतलीच आहे. कालव्याचे लहान लहान तुकडे पाडायचे. दर काही सेकंदांनी प्रत्येक तुकड्यात आले किती, गेले किती, शिल्लक किती, हे लिहायचे. शिवाय उतार पाण्याला किती ढकलतो आणि काठ-तळ किती अडवतात, तेही धरायचे. ही आकडेमोड आता संगणक करतो. १९१६ पासून जलशास्त्राचे काम करणारी खडकवासल्याची केंद्रीय संशोधन संस्थाही अशी गणिते मांडते.

एक ढोबळ हिशेब आपणही करून पाहू. भगदाड ३० फूट रुंद आणि त्याच्या तळापासून पाणी ६ फूट उंच धरा. बाहेर पडते सुमारे १,३५० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट. एका एकरात फूटभर पाणी उभे करायला ४३,५६० घनफूट लागते. म्हणजे जेमतेम अर्ध्या मिनिटाला एक एकर!

आता भगदाड ६० फुटांचे झाले तर पाणी दुप्पट होते. पण पाण्याची उंची ६ वरून ३ फुटांवर आणली, तर पाणी निम्मे न राहता जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते. म्हणून कालव्याची पातळी लवकर उतरवणे मोलाचे. भगदाड तर दर मिनिटाला माती खात रुंदावत असते.

बरे, वरचे दार बंद केले म्हणजे पाणी लगेच थांबते का? नाही. कालव्याच्या १० किलोमीटर लांबीत ५०० चौरस फूट छेदाचे पाणी उभे असले, तर ते पावणेचारशे एकरांत फूटभर भरेल एवढे असते. उतार कमी असल्याने खालच्या अंगाचे पाणीही उलटे फिरून भगदाडाकडे येते. म्हणून खालचे दारही पाडावे लागते. आणि जे पाणी वाया गेले, ते शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या आवर्तनातले असते.

हे गणित भराव पहिल्यांदा कोठे खचेल ते मात्र सांगत नाही. ते काठावरच्या माणसालाच दिसते. आपली काळी माती उन्हाने भेगाळते. बंद कालव्यात एकदम पाणी आले की ते भेगांत शिरते. घुशी-खेकड्यांची बिळे, भरावात वाढलेली झाडे यांतूनही वाट होते. काही ठिकाणी आपलेच बंधू भराव कोरून नळ टाकतात. ते पाणी एकाचे, धोका सगळ्या शिवाराचा.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. भरावाच्या बाहेरून नितळ पाझर दिसला तर पाटकऱ्याला सांगून लक्ष ठेवा. पाझर गढूळ झाला तर आतून माती निघू लागली, असे समजा. मग सकाळची वाट पाहू नका. रात्री-अपरात्री शाखा कार्यालयाला कळवा, खालच्या वस्त्यांना उठवा, गुरे सोडा. बाहेरच्या तोंडाला बोळा कोंबू नका, पाणी दुसरीकडून फुटते. तेथे वाळू-खडीचा थर द्यावा, म्हणजे पाणी निघते पण माती अडते. भगदाड पडलेच तर त्याच्या कडेला उभे राहू नका.

दर अर्ध्या मिनिटाला एक एकर, हा हिशेब ज्याच्या डोक्यात राहील तो निरोप द्यायला उशीर करणार नाही.