पाटण्याच्या भास्कराचार्यांनी न विचारलेला प्रश्न

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवी परिसरातला १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापल्याचे तो सांगतो. या वारशाचा अभिमान मिरवताना ‘न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी कॅल्क्युलस’ असे ठोकून दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्य ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार करतात, कारण चंद्राची गती एका दिवसातही जाणवण्याइतकी बदलते. मध्यम स्थानाला द्यायची दुरुस्ती, म्हणजे मंदफल, जिथे सर्वांत जास्त असते तिथे तिची वाढ थांबलेली असते, म्हणून स्पष्ट गती मध्यम गतीएवढीच होते, हे त्यांनी सांगितले. ही जागा चुकवणाऱ्या लल्ल या आधीच्या ज्योतिर्गणितीलाही दुरुस्त केले. महत्तमापाशी बदलाचा दर शून्य, हेच क्रांतिक बिंदूचे मूळ. सीमेची व्याख्या नाही म्हणून हे कॅल्क्युलस नव्हे, हा आक्षेप मात्र लंगडा आहे: काटेकोर व्याख्या न्यूटनकडेही नव्हती.

खरी उणीव दुसरीकडे आहे. ‘बीजगणिता’त त्यांनी एक घनसमीकरण सोडवले आहे: क्षचा घन अधिक १२क्ष बरोबर क्षच्या वर्गाची सहा पट अधिक ३५. दोन्हीकडून वर्गाची सहा पट आणि ८ वजा केले की (क्ष − २) चा घन २७ होतो, म्हणून क्ष = ५. सगळी पदे एका बाजूला घेऊन हीच बहुपदी आज बारावीच्या वर्गात दिली, तर पहिला विकलज (क्ष − २) च्या वर्गाची तिप्पट येतो आणि क्ष = २ ला शून्य होतो. दुसरा विकलज ६(क्ष − २), तोही तिथे शून्य. नेहमीची कसोटी इथे हात टेकते. मग चिन्हे पाहायची. २ च्या अलीकडे आणि पलीकडे पहिला विकलज धनच आहे, म्हणजे आलेख चढता चढता क्षणभर सपाट होतो आणि पुन्हा चढतो. हा बिंदू महत्तमही नाही, लघुतमही नाही. ज्या २ वर सगळी युक्ती बेतली होती, तो हाच.

बहुपदीच्या बदलाचा दर कुठे शून्य होतो, हा प्रश्न त्या काळात सुचणेच शक्य नव्हते, असे म्हणता येत नाही. मठ स्थापन झाला त्याच सुमारास शरफुद्दीन अल-तुसी हा इराणी गणिती क्षचा वर्ग गुणिले (अ − क्ष) या राशीचे महत्तम क्ष = २अ/३ ला येते हे वापरत होता, कारण समीकरणाला उत्तर आहे की नाही हेच त्याला ठरवायचे होते. भास्कराचार्यांना ५ हवे होते, ते मिळाले. दराचा विचार त्यांच्याकडे पंचांगापुरता होता. बहुपदीकडे तो वळला नाही.