सीझरनंतर उशी चालते

सीझरनंतर बाळंतिणीला दिवसभर उशीविना सपाट झोपवलं नाही तर डोकं धरतं, असं चंद्रपूर-गडचिरोलीकडे अनेक घरांत मानलं जातं. स्पायनल भूल (कमरेत सुई टोचून खालचं अंग बधिर करणं) देताना मणक्यातल्या द्रवाच्या आवरणाला छिद्र पडतं. द्रव झिरपत राहिला तर डोकं दुखतं. पाण्याच्या पिशवीला टाचणी लागावी तसं हे आहे. आडवी ठेवली की गळती मंदावते, पण छिद्र बुजत नाही. 1898 मध्ये ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जननी स्वतःवर या भुलीचा प्रयोग केला, तेव्हा त्यांचंही डोकं उठल्यावर दुखे, आडवं होताच थांबे. म्हणजे झोपण्याने दुखणं शमतं, टळत नाही. त्याची शक्यता खरी कमी होते ती बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईने.

सपाट पडून पाठ मात्र भरून येते, बाळाला पाजणं अवघड होतं. डॉक्टरांना विचारून उशी द्यावी, कुशीवर वळवून पाठीमागे चादरीची गुंडाळी लावावी, खोकताना पोटावर उशी धरायला सांगावं. पायांत जोर परतल्यावरच, सिस्टरच्या आधाराने उठवावं. ही कामं बहुतेकदा सोबतच्या आई-सासूच करतात, म्हणून त्यांना कारण ठाऊक हवं.

जांघेतून अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची तपासणी) झाली असेल तर मात्र सपाट पडून पाय सरळ ठेवण्याची सूचना तंतोतंत पाळावी. तिथे भीती रक्तस्रावाची असते.